दक्षिणमुखी पॅनल

नवऱ्याने जुनी शिडाची बोट घेतली तेव्हा मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नव्हते. मेलबर्नजवळ पॉइंट कुकला घर घेताना हा म्हणाला होता, "समुद्र जवळ आहे, वॉकला जात जाऊ." वॉक राहिला बाजूला, थेट बोटच आली. शनिवारी ती घासायची, रविवारी पुसायची. घरातला ओटा मात्र या माणसाला कधी दिसत नाही.

मे महिन्यात माझे बाबा नागपूरचं ऊन चुकवायला आमच्याकडे आले, आणि बोटीला दुसरा भक्त मिळाला. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. आयुष्य खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये गेलं. पोहता येत नाही, पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. पण बोट बघून परत येताना गाडीत म्हणाले, "जायच्या आधी एक रात्र मला पाण्यावर झोपायचं आहे."

"काऊन बाबा? घरचा बेड टोचतो का?"

"झोपायचं आहे," बाबा म्हणाले. त्यांना कारण विचारलं की ते आधीचंच वाक्य पुन्हा म्हणतात.

अडचण एकच होती. बाबांचा झोपेत श्वास अडकतो. रात्री नाकावर मास्क लावून मशीन चालू ठेवावं लागतं, आणि मशीनशिवाय झोपायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमच्या बोटीची जागा सगळ्यात स्वस्तातली, नदीच्या मुखाजवळच्या लाकडी धक्क्याला. तिथे वीज नाही. मागे लटकवलेल्या छोट्या इंजिनाने बॅटरी भरत नाही. "मग बॅटरी घरी आणून चार्ज करा ना," मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घरच्या लग्नाचं जेवण पिझ्झावाल्याकडून मागवायला सांगत होते.

"सोलर लावू," बाबा म्हणाले.

"लावूच," नवरा म्हणाला.

आता या सासरे-जावयाबद्दल सांगायलाच हवं. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. बाबांना कारलं बघवत नाही, पण जावयाने वाढलं म्हणून दोनदा घेतलं. नवऱ्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण सासऱ्यांबरोबर अख्खी टेस्ट मॅच मान डोलवत बघितली. एक म्हणणार, "जावईबापू, तुम्ही म्हणाल तसं." दुसरा म्हणणार, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." माझ्याशी मात्र दोघंही तासन्‌तास वाद घालू शकतात.

बोटीत मागच्या बाजूला, बसायच्या जागेवर, स्टीलच्या नळ्यांवर ताणलेलं कापडी छप्पर असतं. त्याला बिमिनी म्हणतात. तिच्या एका बाजूच्या नळीला क्लॅम्प लावून दोन पॅनल तिरकी बसवायची असं ठरलं. शनिवारी सकाळी बाबांनी कामाला हात लावण्याआधी त्रिसरण म्हटलं, नवऱ्याने हातातल्या स्पॅनरसकट हात जोडले. मग बाबांनी फोनवर दिशा बघितली आणि बोटीच्या डाव्या बाजूकडे हात केला. "दक्षिणेला तोंड. थोडा उतार. डोळे झाकून लावा."

नागपुरात डोळे झाकून बरोबर. मेलबर्नमध्ये सूर्य उत्तरेकडून जातो हो! मे महिन्यात तर पार खालून जातो. आमच्या गल्लीतली झाडून सगळी पॅनल उत्तरेला तोंड करून बसलेली आहेत. आमच्या छपरावरचीसुद्धा, आणि ती याच नवऱ्याने उभं राहून लावून घेतली होती.

"हो बाबा, दक्षिणच," नवरा म्हणाला.

मी तोंड उघडलं, तर त्याने असे डोळे वटारले की मी गप्प बसले. दिवसभर दोघं घामाघूम होऊन नळ्या मोजत होते, बोल्ट आवळत होते, एकमेकांचं कौतुक करत होते. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा ऑस्ट्रेलियन बियर पीत बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "मेट, सूर्य कुठे असतो ते माहितीय ना?" त्याने इंग्लिशमध्ये विचारलं. नवऱ्याने बाबांकडे एक नजर टाकली आणि छाती काढून म्हणाला, "नो वरीज."

वरीज दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या. बॅटरीचा काटा जागचा हलेना. नवरा कामावरून सुटला की बाबांना घेऊन धक्क्यावर जायचा आणि दोघं तोंडं पाडून परत यायचे. एक दिवस ढगांचा दोष, एक दिवस वायरचा. मग मेलबर्नचं ऊनच अशक्त निघालं. उत्तर हा शब्द काही कोणाच्या तोंडून निघेना. बाबांचं विमान पुढच्या सोमवारचं. बुधवारी रात्री जेवताना बाबा हळूच म्हणाले, "राहू द्या जावईबापू. नाही जमलं तर नाही. त्यात काय एवढं."

जेवण झाल्यावर खोलीत गेले आणि बॅगेत कपडे भरायला लागले. माझ्या बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी फार काही मागितलेलं नाही, आणि जे मागितलं ते असंच 'राहू द्या' म्हणून सोडून दिलं. मी किचनमध्ये नवऱ्याला धरलंच. "तू सांगतोस की मी सांगू?"

"अगं, वीज मंडळातल्या माणसाला मी सांगू, सूर्य कुठे असतो ते?"

"मग काय त्यांना तसंच जाऊ द्यायचं?"

गुरुवारी त्याने सुट्टी टाकली आणि चहा घेता घेता म्हणाला, "बाबा, आपली पॅनल एकदम परफेक्ट आहेत. बोटच उलटी लागलीय."

बाबांचा चेहरा उजळला. "तरी मी म्हणत होतो!"

अर्ध्या तासात क्लॅम्प सोडून पॅनल दुसऱ्या बाजूला गेली असती. त्याऐवजी या दोन विद्वानांनी सगळे दोर सोडले, अख्खी बोट नदीत नेऊन गोल फिरवली आणि तोंडाच्या जागी शेपूट करून परत लावली. त्यात ती शेजारच्या म्हाताऱ्याच्या बोटीवर दोनदा आपटली. पण डावी बाजू आता उत्तरेला आली होती. ऊनही कडक पडलं, आणि शनिवारी दुपारपर्यंत बॅटरी गच्च भरली.

त्या दुपारी मी कांदा चिरत होते, तर बाबा जवळ येऊन कुजबुजले, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं गं. पण जावईबापूंनी इतक्या आदराने बोल्ट आवळले होते, सोडा म्हणू कसं?"

मी सुरी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला.

संध्याकाळी दोघं निघाले. किनारा दिसेल इतक्या अंतरावर नांगर टाकणार होते. मला बोट लागते, म्हणून मी घरीच राहिले. सकाळी पोहे आणि चहाचा थर्मास घेऊन धक्क्यावर गेले, तेव्हा बोट नुकतीच लागत होती. नवरा दोर बांधत होता. बाबा टोपी-मफलर गुंडाळून खाली उतरले.

"मशीन चाललं?"

"रात्रभर. एकदम झकास."

"मग झोप लागली ना चांगली?"

"झोपलो कुठे."

माझा पाराच चढला. "बाबा! अहो, आठवडाभर आम्ही त्या मशीनसाठी जिवाचं रान केलं, बोट गरागरा फिरवली, आणि तुम्ही जागे राहिलात?"

बाबा धक्क्याच्या कडेला बसले. पाण्याकडे बघत म्हणाले, "आमच्या गावच्या तलावाला दगडी पायऱ्या होत्या. लहान होतो, पहिलीत वगैरे. उन्हातून आलो आणि शेवटच्या पायरीवर आडवा झालो. गार दगड, बाजूला पाणी, डोळा लागला. गावातली माणसं धावत आली. म्हणे ऊठ, पाणी बाटवलं. मला उचलून रस्त्यावर टाकलं. आईने मला मारलं आणि स्वतःच रडत बसली. त्यानंतर मी त्या तलावाकडे कधी गेलो नाही."

नवऱ्याचे दोरावरचे हात थांबले होते. मी बाबांच्या शेजारी बसले, आणि मला हुंदका आवरला नाही.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, रडतेस काय? काल रात्रभर मी वाट बघत पडलो होतो," ते म्हणाले, "कोणी ऊठ म्हणतं का. कोणीच म्हणालं नाही."