अहिरे मॅडमची कांडवेल

कुणाचं हाड मोडलं, की आमच्या प्रयोगशाळेत फोन यायचा. अहिरे मॅडम पलीकडच्याचं सगळं ऐकून घेत आणि एकच सांगत, "आधी हाडाच्या डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे फक्त उंदीर येतात." मग फोन ठेवून देत. बाई इतकं कोरडं कशी बोलू शकते, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटे.

पंचवटीतल्या आयुर्वेद महाविद्यालयात मी त्यांच्या हाताखाली काम करत होते. कांडवेलीच्या अर्कानं मोडलेलं हाड लवकर जुळतं का, हे मॅडम तपासत. या वेलीला लोक हाडसांधी म्हणतात, म्हणजे नावातच सगळं आलं. पण नाव हा काही पुरावा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. भूल दिलेल्या उंदराचं हाड मोडायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. "मोडायचं पाप माझं, मग जोडायची जबाबदारीही माझीच," म्हणत आणि हातमोजे चढवत. उंदीर लंगडत का होईना चालू लागला, की मात्र स्वारी खुशीत. त्या दिवशी सगळ्यांना त्यांच्या हातचा चहा.

गेल्या वर्षी त्यांची आई बाथरूममध्ये घसरली आणि खुबा मोडला. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला नाही म्हणाले. म्हातारी मॅडमच्या घरी अंथरुणाला खिळली. सोबतीला सटाण्याहून मावशी आल्या. त्या मॅडमना रोज एकच विचारत, "तुनंच औषध शे ना? मंग मायले का बरं देत नही?"

एकदा मीही विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आपला अर्क अजून माणसावर तपासलेला नाही. शेजारणीच्या आईला दिला नसता, तो माझ्या आईला कसा देऊ?" बोलणं बरोबरच होतं, तरी मला संताप आला. आई हातची चाललीय आणि ही बाई नियम सांगतेय! दुपारी त्या नेहमीसारख्या उंदरांचे एक्स-रे बघत बसल्या.

आई गेली. दहावं झाल्यावर मी भेटायला गेले. मॅडम रडत नव्हत्या. कुणी काही बोललं, की नुसतं "हो" म्हणत. चहा घेता घेता मावशींना राहवलं नाही आणि त्या सांगून मोकळ्या झाल्या. गॅलरीतल्या कुंडीतली कांडवेल त्या रोज मिक्सरमधून काढून दुधातून बहिणीला देत होत्या. मागितली होती आईनंच. पोरीनं जन्म घातलाय त्यात, गुण येणारच, असं ती म्हणायची. उठून चालायला लागले की मीच तिला सांगेन, तोवर तू बोलू नको, अशी शपथ घातली होती.

आता मॅडम भडकणार, असं मला वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुपात परतून घेतली होती का?"

मावशींनी मानेनंच नाही म्हटलं.

"कच्ची घशाला फार खाजते, मावशी. सुया टोचल्यासारखं होतं." मॅडम भिंतीकडे बघत होत्या. "म्हणून ती सारखी पाणी मागायची. मी विचारलं होतं, घसा दुखतोय का. नाही म्हणाली."