घराखाली काय होतं

बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या इतिहासाच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये नव्या माणसांचं स्वागत करायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मीच ते घेतलं. जुन्या सभासदांचे वाद किल्ल्यांचे, तहांचे, कुठली बखर खरी आणि कुठली खोटी याचे. नवा माणूस यायचा, थोडे दिवस मुकाट्यानं वाचायचा आणि तसाच निघून जायचा. मला ते बरं वाटत नसे. मग मी प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवू लागले. इतिहासातलं काही कळत नाही म्हणून संकोचू नका, असं लिहायची आणि सुरुवातीला एकच गोष्ट करायला सांगायची. तुम्ही राहता त्या जागी आधी काय होतं, ते आसपास विचारा आणि इथे लिहा.

लोक हौसेनं लिहीत. कुणाच्या सोसायटीखाली वीटभट्टी निघे, कुणाच्या दुकानाखाली तबेला. सुरतेत अडाजणला आमच्या इमारतीच्या जागी वांग्याचं शेत होतं, हे मलाही असंच विचारून कळलेलं.

सुरतेतल्याच डिंडोलीच्या एका मुलीनं मात्र लिहिलं, "आमच्या बिल्डिंगच्या जागी लहान बाळांना पुरत असत."

मुलगी म्हणजे तिशीची बाई. माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं, नवरा कापडाच्या कारखान्यात, आणि ती घरी शिकवण्या घेणारी. दूधवाला मूळ डिंडोली गावातला; त्यानं दूध मापता मापता तिला हे सांगितलं होतं. तिच्या मजकुराखाली आमच्या एका जाणत्या सभासदानं लगेच लिहिलं की ऐकीव गोष्ट म्हणजे इतिहास नव्हे, पुरावा द्या. मी उत्तर लिहीपर्यंत तिनं मजकूर काढूनही टाकला होता.

मी तिला फोन लावला. त्या सभासदाचं मनावर घेऊ नकोस म्हणाले. पण त्याचं तिला काहीच नव्हतं.

"ताई, मी पोरीला खाली खेळायला पाठवणं बंद केलंय," ती म्हणाली. "सासूबाईंना सांगितलं, पार्किंगमध्ये गाड्या फार फिरतात. खरं बोलले तर त्या या घरात पाणी पिणार नाहीत."

रिकाम्या पार्किंगमधून वर येताना आपल्या पायाखाली कोण असेल, असं तिच्या मनात येई. मग ती चपला हातात घेऊन चालायची, असंही तिनं सांगितलं. ते ऐकल्यावर माझंही चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कधी न पाहिलेली ती जागा मला दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे दिसू लागली. वाटलं, दूधवाला चुकला असेल. नीट चौकशी केली तर निदान तिची भीती तरी जाईल. म्हणून मी तिच्याकडे डिंडोलीला गेले.

दूधवाल्यानं आम्हा दोघींना गावातल्या एका घरी पाठवलं. ती जमीन पूर्वी त्या गुजराती कुटुंबाची होती. ओट्यावर एक म्हाताऱ्या आजी, गावाच्या बा, वालपापडी सोलत बसल्या होत्या. मी गुजरातीत विचारलं. त्यांनी हात न थांबवता सांगितलं की हो, कालव्याच्या कडेला बोरीचं झाड होतं, आणि गावात तान्हं मूल गेलं की तिथेच नेत.

"मारी पण एक छे त्यां," बा म्हणाल्या. त्यांचीही एक तिथेच होती.

पहिलीच मुलगी. बारसंही झालं नव्हतं. बा बाळंतिणीच्या खोलीत असतानाच पुरुषमाणसं तिला घेऊन गेली. पुढे शेतात जाऊ लागल्यावर सावलीचं निमित्त करून बा त्या झाडाखाली बसत. बसायचं कारण घरात कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मग नवऱ्याच्या भावाभावांत वाटण्या झाल्या, जमीन विकली गेली. त्यानंतर त्या तिकडे फिरकल्याच नव्हत्या.

मी निरोप घेण्याच्या बेतात होते. तेवढ्यात शेजारून डिंडोलीच्या त्या मुलीनं बांना तुम्ही येता का म्हणून विचारलं, "बा, तमे आवशो?"

मी तिचा दंड धरला. पण बा उठल्या होत्या. आत जाऊन लुगडं बदलून आल्या.

रिक्षातून उतरल्यावर बा बराच वेळ बिल्डिंगकडे बघत राहिल्या. मग कालव्याकडे पाठ करून त्या पार्किंगमध्ये शिरल्या. गाड्यांमधून वाट काढत एका खांबाजवळ थांबल्या. खाली वाकून त्यांनी फरशीवर तळहात टेकला. ऊन उतरलं होतं, पण फरशी अजून गरम असणार. हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

"अहीं छोकरां रमे छे?" इथे मुलं खेळतात का, असं त्यांनी विचारलं.

त्या मुलीनं जिन्याकडे पाहिलं. स्वतःच्या पोरीला तिनं वर कोंडून ठेवलं होतं. एवढ्यात शाळेतून आलेली मुलं बॅट-बॉल घेऊन धावत आली. त्यांतल्या एकानं बांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण तो खांब म्हणजे त्यांचा स्टंप होता. बा सरकल्या. मुलांची भांडाभांडी, आरडाओरडा बघत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "तो एकली नथी."

म्हणजे, मग ती एकटी नाही.

डिंडोलीची मुलगी जिन्याकडे गेली आणि पोरीला कडेवर घेऊन खाली आली. पोर उतरली आणि चेंडूमागे पळाली. आईचे डोळे त्या खांबावरून हलत नव्हते, पण तिनं पोरीला परत बोलावलं नाही.

स्वागताच्या निरोपातला तो प्रश्न मी काढून टाकायचं ठरवलं होतं. ती नको म्हणाली. कुणीतरी विचारायला हवंच ना, नाहीतर बांना कोण नेणार होतं, असं तिचं म्हणणं. आता नव्या माणसांना तीच लिहिते. कुणी काही अवघड लिहिलं तर फोन करते आणि बराच वेळ ऐकत बसते.

बा अधूनमधून तिच्याकडे येतात. सासूबाईंना वाटतं, एकट्या म्हातारीला सोबत हवी असेल. त्या खुर्ची खाली पाठवतात, चहा देतात. बिल्डिंगमध्ये अजून कुणाला काही ठाऊक नाही. मी कधी गेले तर मुलं खेळत असतात, बा खुर्चीत बसलेल्या असतात, सगळं बरं चाललेलं दिसतं. तरी त्या खांबाजवळून मला जाववत नाही. भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरून मी जिन्यापर्यंत जाते.