नीरजच्या मशीनचा पंप

नीरज कॅनडाला गेला त्या आठवड्यात रामकुंडावर उभी राहून मी बोलले होते, "रामराया, लेकरू घरी येईपर्यंत कॉफी सोडली." कॉफीवर माझा भारी जीव, म्हणून तीच सोडली. त्याचं एस्प्रेसो मशीन मात्र ओट्यावर राहिलं, आणि तो येईपर्यंत ते चालू ठेवायचं असंही मी मनाशी धरलं. न पिणाऱ्या बाईच्या हाती असं मशीन आल्यावर किस्से साचणारच.

*

दर शुक्रवारी आमच्याकडे भजन असतं. आरती झाली की सगळ्या जणींना कॉफी. पंचवटीच्या शैलाताईंनी पहिल्यांदा तो इवलासा कप पाहिला आणि उजव्या हाताचा खोलगट तळवा पुढे केला. "घाला. तीर्थच आहे ना?"

*

यंदा कॉफी बिघडली. मला चाखता येत नाही, म्हणून चव बघायचं काम नीरजच्या बाबांकडे. एक घोट घेऊन हे म्हणाले, "कॉफीनं हात धुतलेलं पाणी."

दुसऱ्या दिवशी बिया अगदी बारीक दळल्या. "आता?"

"आता कपात काही पडतच नाहीये. चव कशाची सांगू?"

*

लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं आतला क्षार काढला, जाळी घासली. फरक नाही. शुक्रवारी शैलाताईंनी मशीनला हळदकुंकू लावलं.

"अहो, दसरा लांब आहे अजून."

"आजाऱ्याला दसऱ्यापर्यंत थांबवता का?"

*

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "मॅडम, इतकं जुनं? एक्स्चेंजमध्ये टाका."

"मुलाचं आहे हो."

"मग मुलालाच सांगा ना, नवीन घ्यायला."

त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

*

शेवटी सकाळी नीरजलाच व्हिडिओ कॉल केला. एरवी "बरा आहे, जेवलो" एवढंच बोलतो, आणि येण्याचा विषय काढला की नेमकं त्याचं नेटवर्क जातं. मशीनचं नाव काढल्यावर मात्र नीट बसला.

"कॉफी न घालता चालव." पाणी भरभर आलं.

"आता घालून." नुसते थेंब. खडखड मात्र तेवढीच.

"ऐकलंस? दाब धरला की आवाज जड व्हायला हवा. होत नाहीये. पंप झिजलाय, आई. पाणी ओढतो, पण जोर उरला नाही."

"वय झालं रे त्याचं."

आत हे देवापुढे घंटा वाजवत होते. खाली भाजीवाला मेथी, मेथी करत चालला होता.

"मशीन बंद कर, तापेल," तो म्हणाला. "फोन असू दे."

"अरे, पंप कळला ना?"

"कळला. तरी असू दे."

मी फोन डब्याला टेकवून पोळ्या लाटायला घेतल्या. येण्याचा विषय मी काढला नाही. शेवटची पोळी तव्यावर होती तेव्हा तिकडून आवाज आला, "पंप मागवू नकोस. दिवाळीला येताना मीच घेऊन येतो."

तुमचंही कुणी लांब असेल, तर एकदा त्याला काहीच विचारू नका. फोन ओट्यावर ठेवा आणि आपलं काम करत राहा.