हाताला खवले, कानाला मोबाईल

प्रेमिलाबाई भद्रावतीच्या बाजारात मासे विकायची. दोन हजार सातच्या हिवाळ्यात लेक रीता बल्लारपूरहून माहेरी आली, ती गळ्यात मोबाईल अडकवून. नवऱ्यानं, धनराजनं, घेऊन दिलेला. प्रेमिलाबाईनं बाजारभर सांगितलं, "जावई घडीघडी इचारते, जेवली का म्हणून."

शेजारी बसणारी सत्यशीला हसली. "आमच्या बुढ्याले तर मी जिती हावो का मेली, हेबी मालूम नाई."

घरी रीता मासे साफ करायची आणि फोन वाजला की खवल्यांच्या हातानंच उचलायची. "घरीच हावो. माय जवळच हाये. घे माय, बोल." प्रेमिलाबाई पदर सावरून बोलायची. जावई आठवणीनं बोलतो, याचं तिला कोण कौतुक!

मग तलावाचा दिवस आला. पाणी उतरलं की सगळा ढिवर मोहल्ला, म्हणजे मासेमारांची वस्ती, एकदम पाण्यात उतरतो आणि माहेरवाशिणीला माशांचा पहिला वाटा मिळतो. पण तिनं स्वतः उतरायचं. लहानपणी सगळ्यांत आधी उडी मारणारी रीता बांधावरून हलली नाही.

"काऊन व?"

"तिथी खाली रेंज नाई, माय. फोन नाई लागला का तो म्हणते, कोणासंग होती? मंग मारते."

प्रेमिलाबाईला आता कळलं. आपण ज्याला काळजी समजलो, ती लेकीची हजेरी होती. तिनं फोन हिसकावला, तलावातच फेकणार होती. सोबत आलेल्या सत्यशीलेनं हात धरला. बचत गटाच्या बैठकीत तिनं हे ऐकलं होतं. "फेकू नोको. त्याच्या धमक्यायचे मेसेज असतीन त्यात, तोच पुरावा. पुसूबी नोको."

"तुले का पाहिजे, ते सांग," प्रेमिलाबाई लेकीला म्हणाली.

रीता म्हणाली, "मले तिथी परत जायचं नाई."

"मंग नाई जायचं," माय म्हणाली. सत्यशीलेनं जोडलं, "उद्या चंद्रपूरले जाऊ. आता घरातल्या मारापासून बाईले वाचवाचा कायदा हाये, तिथी त्यासाठी अधिकारी बसवला हाये."

तेवढ्यात फोन वाजला. रीतानंच उचलला. "तलावात चालली. फोन नाई लागणार," एवढं म्हणून तिनं तो सत्यशीलेच्या हाती ठेवला, लुगडं खोचलं आणि बायांच्या रांगेत कमरेइतक्या पाण्यात शिरली.