वहिनीनं हीलर व्हायचं मान्य केलं

माझी धाकटी वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. काच फ्रेममध्ये बसवण्याआधी कडेवरून अंगठा फिरवते, जरा खरखर लागली की मुकाट्यानं परत मशीनवर धरते. बोलते कमी, पण विसरत काही नाही.

आमची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, सगळं वहिनीनं केलं, नोकरी सांभाळून. मी आपली सुट्टीच्या दिवशी तोंड दाखवून यायची, खोटं कशाला बोलू. थोरला दादा परगावी. शेवटच्या दिवशी वहिनीनं त्याला पाच फोन केले. शेवटी त्याचा मेसेज आला, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बघतो.' आई संध्याकाळी गेली. आणि भेटायला आलेल्यांसमोर हाच गृहस्थ डोळे पुसत सांगत होता, "आम्ही काही कमी पडू दिलं नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी चहा गाळत होती.

आम्ही रविवारी दुपारी ऑनलाइन गेम खेळतो, दोघं भाऊ, वहिनी आणि मी; प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि मिळून लढायचं. नियम दादाचे. मागे माझी चोर खड्ड्यात पडून मेली, तेव्हा मी गयावया केली तर म्हणाला, "मेला तो कायमचा मेला. त्यातच मजा आहे." त्याचा स्वतःचा योद्धा मात्र दोन वर्षं जगलेला, त्याच्यावर याचा भारी जीव. मोबाइलवर फोटोसुद्धा त्याचाच.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी नवी मोहीम निघाली. दादा जुनाच योद्धा घेणार होता, बाकीच्यांनी कोण व्हायचं ते ठरवायचं होतं. वहिनी म्हणाली, तिला तिरंदाज व्हायचंय. दादा हसला.

"तू हीलर हो गं. आमच्या जखमा भरायच्या, बाकी काय? तुला सवयच आहे."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "चालेल, भाऊजी."

पाच रविवार तिनं त्याला ओरखडासुद्धा टिकू दिला नाही. मला तिचाच राग यायला लागला. इतकं कसलं मेलं सोसायचं?

सहाव्या रविवारी मी धाकट्या भावाच्या घरी, वहिनीच्या शेजारी बसून खेळत होते. दादा एकटाच राक्षसाच्या गुहेत घुसला, हीलर पाठीशी आहे या भरवशावर. लगेच मार बसायला लागला, तसा तो स्पीकरवरून ओरडला,

"हील कर गं. अगं, लवकर."

योद्ध्याचा जीव दाखवणारा लाल पट्टा झरझर उतरत होता. वहिनीची सगळी शक्ती शाबूत होती. तिनं माउस सोडला, कीबोर्ड पुढे ओढला आणि चॅटमध्ये सावकाश टाइप केलं, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बघतो.'

योद्धा आडवा झाला. धाकटा भाऊ काहीतरी सारवासारव करायला लागला, तर मी त्याच्या पायावर पाय दिला. सांगते ना, मला तेव्हा फार बरं वाटलं. अजून वाटतं.

स्पीकरवरून दादाचा आवाज आला, पार उतरलेला. "मग मी आता नवीन योद्धा घेऊ?"

"नको, भाऊजी," वहिनी म्हणाली. "तिरंदाज मी होते. हीलर तुम्ही व्हा. होईल सवय."