लाटेच्या मुहूर्तावरच्या कुरडया

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं माझं मलाच रडू येतं.

आमच्या अर्धापुरात उन्हाळा म्हणजे कुरडयांचा हंगाम. एका साली ऐन वेळी आभाळ आलं अन् माझ्या कुरडया काळ्या पडल्या. लेक लातूरला दिलेली. विहीणबाईंनी डबा उघडून विचारलं, "कोळशावर वाळवल्या का?" वर्षभर ते टोचत राहिलं.

मग मी मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज वाचायला लागले. चौथी शिकलेय, तेवढं जमतं. गेल्या उन्हाळ्यात इशारा आला: पुढचे काही दिवस उष्णतेची लाट, दुपारी उन्हात जाऊ नका. लाट म्हणजे ढग न्हाई! याहून चांगला मुहूर्त कोणता? मी गहू भिजत घातले. 'उन्हात जाऊ नका' हे पंख्याखाली बसणाऱ्यांसाठी असतं, हे माझं मीच ठरवलं.

चीक शिजवला, धाकट्या जावेला, शेवंताला, गच्चीवर ओढलं. सोऱ्या फिरवता फिरवता ऊन डोक्यावर आलं. पाय टेकवेना.

शेवंता म्हणाली, "अक्का, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली."

"अंधारीला म्हणावं, चीक संपल्यावर ये."

ती मटकन खालीच बसली. सोंग करते म्हणून झापायला उठले, तर मीच आडवी. तेही ओल्या कुरडयांवर!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई चिडल्या. "इशारा आला नव्हता का?"

"आला होता की. म्हणून तर गच्चीवर गेलो."

बाईंनी सलाईन लावलं अन् स्वतःच्या कपाळाला हात लावला. शेजारच्या खाटेवर शेवंता, हाक मारली तरी बोलेना. तेव्हा मात्र माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. आग लागो त्या कुरडयांना, हिला काही झालं तर? संध्याकाळी तिनं डोळे उघडले अन् पुटपुटली, "कुरडया काढल्या का?"

माझ्या अंगाखालच्या सोडून बाकी पांढऱ्याशुभ्र निघाल्या. विहीणबाईंनी पाहुण्यारावळ्यांत मिरवल्या.

यंदा परत इशारा आला. मी दारोदार फिरले. बायांनो, घरात बसा, ही लाट जीव घेती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी खिडकीतून बघते तर काय, आळीतल्या एकूणएक गच्चीवर लुगडी अंथरलेली! समोरच्या गच्चीवर डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून शेवंता. मी ओरडले, तुला तरी अक्कल हाय का?

ती सोऱ्या फिरवतच म्हणाली, "अक्का, मोबाइलचं कोण ऐकतंय? पण तुम्ही सांगितलं म्हणल्यावर ऊन पडणारच, म्हणून सगळ्यांनी गहू भिजवले."