सुभेदारांचा डबा

आक्काचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. शाळेच्या वेळेत ती कधी फोन करत नाही. बाहेर व्हरांड्यात येऊन उचलला. मग ती म्हणाली, "गौतम, तुझे दाजी गेले रे… चहा घेतला, छातीत कळ आली मनले, अन् बाजंवर पडले ते पडलेच." परभणीहून पालमला जाताना गंगाखेडपर्यंत एसटी मिळाली, पुढं जीप. जीपमध्ये शेजारचा माणूस सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होता आणि मी मान हलवत होतो. खरं सांगायचं तर मला रडू येत नव्हतं, मला राग येत होता. एवढा राग, की जीपवाल्याला थांबवून रस्त्यावर उतरावं आणि कुणाला तरी शिव्या द्याव्यात. ज्याला द्यायच्या होत्या तो माणूस तर आता ऐकणार नव्हता. आज त्याला काही आठवडे झाले, तरी तो राग पुरता गेलेला नाही. फक्त त्याचं तोंड बदललं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. अख्ख्या पालमात सुभेदार म्हणून ओळख. फौजेत शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखरेख होती. साहेब लोकांचं बघून बघून शिकले, आणि निवृत्त झाले तेव्हा एका साहेबानं आपल्या जुन्या काठ्यांची पिशवीच त्यांना देऊन टाकली. लोक फौजेतून ट्रंक आणतात, रेडिओ आणतात, दाजींनी गोल्फ आणला. गावाबाहेर, घराच्या मागच्या दाराला लागून त्यांचा मुरमाड माळ होता. त्यात कुसळाशिवाय काही उगवत नसे. तिथं त्यांनी पाच खळगे पाडले. हिरवळ कुठून आणणार? नदीची वाळू आणली, त्यात खालेदभाईच्या गॅरेजातलं जळकं ऑईल मिसळलं आणि प्रत्येक खळग्याभोवती काळी गुळगुळीत जागा तयार केली. गावानं आधी वेड्यात काढलं. "चेंडू लांब मारायचा अन् मंग उन्हात हुडकत हिंडायचं, ह्याला खेळ मनतेत व्हय?" असं लोक विचारायचे. दाजी म्हणायचे, "हाव. संसारबी तसाच हाय की."

खेळणारे आम्ही चौघं. दाजी, मी, जनावरांचे डॉक्टर देशमुख आणि गॅरेजवाले खालेदभाई. मी रविवारी परभणीहून यायचो. माळाच्या उजव्या हाताला शेजारचा शेतकरी मारोती, त्याचं काळं रान. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडायच्या, की चेंडू तिकडं गेला तर गेलाच. आमच्यात नियमच होता, भेगेनं गिळलेल्या चेंडूचा दंड नाही. पुढच्या हंगामात नांगरताना मारोतीला तो सापडायचा, आणि तो चेंडू धोतराला पुसून आणून द्यायचा.

गोल्फमधली सगळ्यात लांब काठी म्हणजे ड्रायव्हर. पहिला टोला तिचा. तिला खाली भलंमोठं पोकळ डोकं असतं. त्या डोक्याच्या आकारावरून माणसं भांडू शकतात हे मला दाजींमुळे कळलं. त्यांचं मत असं, की काठी जमिनीवर टेकवून वरून बघितली की डोकं पेरूसारखं दिसलं पाहिजे, एका अंगाला फुगीर, कुठंही कोपरा नको. "डोळ्याला बरं वाटलं तर मन थाऱ्यावर येतंय, मन थाऱ्यावर आलं तर हात," असं त्यांचं साधं गणित. आणि एका रविवारी देशमुख डॉक्टर पुतण्याकडून एक जुना ड्रायव्हर घेऊन आले. त्याचं डोकं चक्क चौकोनी होतं, मिठाईच्या पुड्याएवढं.

माळाच्या कडेच्या चिंचेखाली त्या काठीवर आमची अक्षरशः पंचायत बसली. डॉक्टरांचं म्हणणं, वजन कोपऱ्यांत गेलं की टोला जरा चुकीचा बसला तरी डोकं हातात फिरत नाही, चेंडू सरळ जातो. "सुभेदार, बैल घेताना तुम्ही शिंगं बघता की चाल?" दाजी म्हणाले, "दोनीबी बघतो." खालेदभाईंचा सगळा जीव आवाजावर. गाडी न उघडता नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस. त्यांनी ते डोकं बोटानं वाजवलं आणि तोंड वाकडं केलं. "क्या डॉक्टरसाब, तेल के डिब्बे कू डंडा लगाके लाए!" माझं मत कुणी विचारलं नाही, कारण दोन्ही प्रकारच्या डोक्यांनी मी सारखंच वाईट मारू शकत होतो. दाजींनी मग मोबाइल काढला. जगभरच्या खेळणाऱ्यांनी असल्या काठ्यांबद्दल काय काय लिहिलंय ते त्यांनी शोधलं. कुणी म्हणत होता दिसायला भयंकर पण जाते सरळ, कुणी म्हणत होता सरळच जाते, मुद्दाम वळवावी तर वळत नाही, कुणाला तिच्या आवाजाची मित्रांसमोर लाज वाटत होती. दाजींनी फक्त विरोधातली मतं मोठ्यानं वाचली. वकील झाले असते तर नाव काढलं असतं.

मग डॉक्टरांनी पहिला टोला मारला. टाण्ण! खरंच रिकाम्या डब्यावर दांडकं हाणल्यासारखा आवाज झाला. पलीकडं मारोतीची ज्वारी हुरड्यात आलेली, आणि तो राखणीला मचाणावर. त्याला वाटलं शिवारात डुकरं शिरली आणि कुणीतरी डबा वाजवायला लागलंय. त्यानं आपला डबा बडवायला सुरुवात केली, "हाऽऽ हाऽऽ" करून ओरडायला लागला. त्याचं ऐकून पलीकडच्यानं, त्याचं ऐकून त्याच्या पलीकडच्यानं. माळाच्या टोकाच्या ओढ्यापर्यंत सगळं शिवार डबे बडवत होतं आणि डुक्कर एकही नव्हतं. आम्ही पोट धरून खाली बसलो. दाजी सगळ्यात जास्त हसले. "बगा डॉक्टर, तुमची काठी कामाची हाय. डुकरं हाकायला ठिवा." त्या दिवसापासून तिचं नाव डबा. डॉक्टरांचा चेंडू मात्र सुतासारखा सरळ जाऊन ओढ्यापलीकडं पडला होता. त्याबद्दल दाजी एक शब्द बोलले नाहीत.

पुढं दाजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीतला चहा सांडायचा, मग सदऱ्याची बटणं लागेनात. नांदेडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना बसू देऊ नका. हात चालता ठेवा. हा माणूस बाजेवर बसला की संपलाच समजा." ते वाक्य मी गळ्यात धोंडा बांधल्यासारखं घेऊन हिंडलो. कारण दाजी बसायला लागले होते. पेरूसारख्या डोक्याचा त्यांचा लाडका ड्रायव्हर ऐन टोल्याच्या वेळी हातात फिरायचा आणि चेंडू उजवीकडं मारोतीच्या रानात. एक गेला, दुसरा गेला… एका रविवारी सगळेच्या सगळे भेगांनी गिळले. दाजींनी काठीला टोपडं घातलं आणि घरी गेले. सगळ्या काठ्यांना आक्कानं वाकळेच्या तुकड्यांची टोपडी शिवली होती, बारशाला पोराला घालतात तशी.

त्यानंतर माळावर जाणं बंद. मी विनवण्या केल्या, भांडलो. देशमुख डॉक्टरांनी डबा आणून दाजींच्या बाजेशेजारी उभा केला. चुकलेला टोला सांभाळून घेणारी काठी यांच्याइतकी आणखी कुणाला लागणार होती? दाजींनी तोंड भिंतीकडं केलं. "हात हालायलाय मनून डोकं बदलू व्हय मी? उद्या मनताल पाय गेलाय, घोड्यावर बसून खेळा." मी म्हणालो, "दाजी, अहो जीव मोठा का काठीचा आकार?" आक्का स्वयंपाकघरातून माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी करीन अशा आशेनं. माझ्याकडं करण्यासारखं काही नव्हतं.

दाजी एकदाच उठले. का ते माहीत नाही. एका सकाळी आम्ही तिघं असताना स्वतःहून म्हणाले, "आना ते डबडं." माळावर गेले. चेंडू मांडायला वाकता येईना, खालेदभाईंनी मांडला. हात थरथरतच होते, काठीचं डोकं चेंडूमागं नाचत होतं. मग त्यांनी मारला. टाण्ण! आणि चेंडू सरळ, अगदी सरळ, ओढा पार करून गेला. खालेदभाईंनी "माशाल्ला!" म्हणून आरोळी ठोकली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, सुटलो. आता हा माणूस जगतो. मी दाजींकडं बघितलं, तर त्यांचा चेहरा पोर गेलेल्या बापासारखा झाला होता. म्हणाले, "म्या न्हाई मारला. डब्यानं मारला." काठी तिथंच टाकून चालू लागले.

ते शेवटचं. त्यानंतर आम्हा तिघांचाही खेळ बंद पडला. मी रविवारी जायचो, ते बाजेवर पडून छताकडं बघायचे. शेवटच्या भेटीत तर मी हात जोडले. "दाजी, आक्कासाठी तरी उठा." ते म्हणाले, "मास्तर, चहा पी अन् जा. एसटी चुकंल." मी चहा न पिता निघालो. एका डोक्याच्या आकारापायी एक माणूस स्वतःला संपवतोय आणि आपण फक्त बघत बसलोय, याहून हताश गोष्ट मी पाहिलेली नाही. जीपमधला राग हा होता.

दाजींच्या नावच्या शेवटच्या कार्याच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली. मारोती उंबऱ्याशी बसून होता. हातातला गमचा पिळत मला म्हणाला, "मास्तर, आता सकाळचं लय सुनं सुनं वाटायलंय. सुभेदार रोज तांबडं फुटलं की डबा वाजवायचे. म्या तिकडून हाळी द्यायचो. सुभेदाऽऽर, मनून. ते हात वर करायचे. त्यायच्या डब्यानं डुकरं बी फिरकली न्हाईत औंदा." मला कळेना. कोणता डबा? मी आक्काकडं बघितलं. ती खाली बघत होती.

सगळे गेल्यावर तिनं सांगितलं. रविवार सोडून रोज. पहाटे उठायचे, त्या दिवशी टाकलेला आणि आक्कानं उचलून आणलेला डबाच टेकत मागच्या दारातून माळावर जायचे. चेंडू मांडायला आक्का. सुरुवातीला चेंडू सरळच जायचा आणि तेच त्यांना नको होतं. डॉक्टरांचा जातो तसा नको, त्यांना त्यांचा स्वतःचा पाहिजे होता. थोडा डावीकडून निघून ओढ्यावर हलकेच उजवीकडं वळणारा, साऱ्या जन्मात मारत आले तसा. चौकोनी डोक्यानं तो वळत नाही असं सगळं जग म्हणत होतं. थरथरत्या हातानं ते तो वळवायला बसले होते. "मला मनायचे, मास्तरला सांगू नगस. एकदा माझा मनून गेला चेंडू, की मंग तिघायला बोलवू. तोवर हसतेल." आणि मी येणार म्हणून रविवारी बाजेवर पडून राहायचे…

"मग गेला का कधी?" मी विचारलं.

आक्का उठली, फडताळातून एक शिवण काढून माझ्या मांडीवर ठेवली. टोपडं होतं. चौकोनी. दाजींच्या जुन्या फौजी सदऱ्याचं कापड, वर वाकळेचे तुकडे. तीन बाजू शिवलेल्या, चौथी उघडी, सुई तशीच खोचलेली. "आदल्या दिवशी गेला मनले. मला काय कळतंय त्यातलं? पर लेकरावानी हसले. मनले, ह्याला टोपी शिव, येत्या आयतवारी तिघं यायचेत, उघडं डोकं बरं दिसंना. म्या रातच्याला तीन बाजू शिवल्या. चौथी सकाळी शिवते मनलं…"

म्हणजे मी ज्या माणसावर चिडून निघून आलो होतो तो हरलेला नव्हताच. आणि जिंकलेला टोला त्याचा त्यानं एकट्यानं पाहिला. डॉक्टर नाहीत, खालेदभाई नाहीत, मी नाही. हे मला पेलत नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, शाबासकीही देता येत नाही. अहो दाजी, हसलो असतो तर हसलो असतो. एक रविवार तरी द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मी कोपऱ्यातून डबा उचलला आणि मागच्या दारानं माळावर गेलो. आक्का मागोमाग आली, वाकून चेंडू मांडला, बाजूला झाली. तिच्या हालचालीत इतकी सवय होती की मला बघवेना. मी मारला. टाण्ण! चेंडू कुठं गेला मला दिसलं नाही. पलीकडच्या रानातून सवयीनं हाळी उठली, "सुभेदाऽऽ" आणि मधेच तुटली.

मग आक्कानं कनवटीचा दुसरा चेंडू काढला, मांडला आणि म्हणाली, "आनखी एक मार."